दिवसा लावलेली कडी

मी मुळातच भित्री. मॉरिशसच्या आमच्या घराला फाटक, मग जाळीचं दार, मग लाकडी दार. एवढं असूनही मी झोपण्यापूर्वी सगळ्या कड्या स्वतः ओढून बघायची. अशा मुलीने एम.ए. करायला मुंबई निवडावी हा शुद्ध वेडेपणा, असं बाबांचं मत होतं. बाबा मॉरिशसमधल्याच एका शाळेत मराठी शिकवतात. आमचे पूर्वज कोकणातून निघून याच मुंबईच्या बंदरातून उसाच्या मळ्यांत राबायला गेले, ही कथा त्यांनीच मला लहानपणापासून ऐकवलेली. पण मी उलट्या दिशेने निघाले तेव्हा त्यांचेच पाय लटपटले. शेवटी तोडगा निघाला तो असा, की महिन्याभरात राहायची नीट सोय झाली नाही तर परत यायचं. हट्ट करायचा नाही.

आणि सोय काही होईना. हॉस्टेलमधल्या जागा केव्हाच भरल्या होत्या. दादरच्या एका बाईंना माझं मराठी आवडलं, आडनाव आवडलं, आणि मग पासपोर्ट बघून त्यांचा चेहरा पडला. "फॉरेनर? नको गं बाई. पोलिसांत नोंदणी करा, हेलपाटे घाला, कोणी सांगितलंय?" परळला तेच, नायगावला तेच. एजंट तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही मराठी असून फॉरेनर कशा काय?" ते मलाही धड सांगता येईना. तोवर मला या शहरातल्या सगळ्याच गोष्टींची भीती वाटायला लागली होती. रस्ता ओलांडायची, बसचं दार बंद व्हायच्या आत उतरायची, खिडकीत येऊन बसणाऱ्या कावळ्यांची. दुकानदाराने "बोला" म्हटलं तरी मी दोन पावलं मागे सरायची.

शेवटी फणसवाडीतल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एका काकूंनी मला ठेवून घेतलं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, बोलणं मोजकं. पासपोर्ट त्यांनी उघडूनही बघितला नाही. "आमचे हे कोर्टात होते. पोलीसबिलीस मला सांगू नकोस," म्हणाल्या. "महिनाभर बघू. जमलं तर राहा, नाही तर तुझी तू मोकळी. एकच सांगते. दिवसा दार लावायचं नाही. कपडे बदलायचे तर पडदा ओढ. कडी रात्री झोपताना."

का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी टाप नव्हती.

आमच्या खोलीवरून गेल्याशिवाय त्या गॅलरीत कोणाला नळावर जाता यायचं नाही. आणि जाता-येता प्रत्येक जण आत डोकावायचा. नुसतं डोकावून भागायचं नाही. "जेवलीस?" "आज कॉलेज नाय?" "काल उशीर झाला गं तुला, बस नाही मिळाली?" पलीकडच्या खोलीत मालवणकडच्या एक काकी राहायच्या. दोरीवरचे माझे कपडे त्याच काढायच्या आणि आतल्या कपड्यांसकट घडी घालून कॉटवर आणून ठेवायच्या. मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. एकदा मी त्यांना "आपण कृपया आसनस्थ व्हावे" म्हणाले, तर त्या बसल्या नाहीत, धावत जाऊन जावेला घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "परत बोल बघू." बाबांच्या पाठ्यपुस्तकी मराठीची अशी शोभा झाली.

मला मात्र हसू येत नव्हतं. मी मनाशी पक्कं धरलं होतं की माझ्यावर पहारा बसवलाय. ही सगळी मंडळी बघतायत, आणि महिना संपला की काकूंना सांगणार, ही पोरगी ठेवायची की नाही. मी काय खाते, कधी येते, फोनवर कोणाशी बोलते, सगळं मोजलं जातंय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी अख्खी गॅलरी होती. उघड्या दारासमोर पुस्तक धरून मी तास न् तास बसायची आणि एक ओळ डोक्यात शिरायची नाही.

महिना संपत आला होता तेव्हाची गोष्ट. काकू दुपारच्या भजनी मंडळाला गेल्या होत्या. गॅलरी सामसूम होती. मी मान वर केली तर दारात एक माणूस उभा. उंच, काळासावळा, हातात कापडी पिशवी. याला मी कधी पाहिलं नव्हतं.

"एकटीच आहेस?" त्याने विचारलं.

मी पुस्तक छातीशी धरलं. तो खोलीभर नजर फिरवत होता. "मग बसतो इथंच," म्हणाला, आणि आमच्या दारासमोरच्या बाकड्यावर बसला. पिशवी त्याने मांडीवर घेतली. त्यात काहीतरी जड होतं.

मी कशीबशी उठले आणि दार लावून कडी घातली. मग खालचा अडसरही सरकवला. पाठ दाराला लावून उभी राहिले, मग तेही धोक्याचं वाटलं म्हणून मोरीत जाऊन बसले, पिंपाच्या आड.

थोड्या वेळाने बाहेर काकींचा आवाज आला. "दार कोणी लावल्यान?" तो माणूस काहीतरी बोलला. मग दारावर थाप पडली. मग दुसरी, जोरात. "गो, दार उघड! कित्याक लावलंस दार?" मला उठायचं होतं. पण मी पिंपाला आणखीच चिकटले. बाहेर पावलं वाजायला लागली, वरच्या मजल्यावरून कोणी धावत खाली आलं. पुरुषांचे आवाज वाढले. "ओ देत नाहीये." "आत्ता तर बरी होती." "थांबू नका, फोडा!" फोडा हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. त्यापुढे मी काही ऐकलंच नाही. गुडघ्यांत डोकं घालून मी बाबांना हाका मारत होते, त्याही मनातल्या मनात. सगळे मला मारायला आलेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पहार लागली, लाकूड कडकडलं, आणि दार आत आलं.

सगळ्यांत पुढे काकी होत्या. त्यांनी मला मोरीतून ओढून काढलं. माझी हनुवटी वर करून गळा बघितला, पुढून बघितला, मागून बघितला. माझं तोंड दोन्ही हातांत धरून त्यांनी तोंडाचा वास घेतला. मनगटं उलटीपालटी करून पाहिली. आणि मग माझ्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की मी कळवळले. त्यानंतर त्या मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

पहार त्या उंच माणसाच्या हातात होती. तो काकूंचा धाकटा दीर निघाला. पिशवीत गावचे नारळ होते.

कोणीतरी मला पाणी दिलं, आणि त्यांनीच मग सांगितलं. शेवटच्या खोलीत एक मास्तर राहायचे, एकटे. एकदा भरदुपारी त्यांनी कडी लावली. झोपले असतील, कशाला उठवा, म्हणून कोणी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी दार फोडलं तेव्हा फार उशीर झाला होता. ऐकता ऐकता माझा हात आपोआप गळ्याकडे गेला.

पण भीती काही लगेच गेली नाही, नुसती दुसरीकडे वळली. घातलेली एकच अट मी मोडली होती, वर काकूंचं दार मोडलं होतं. म्हणजे माझा मुक्काम संपला. त्यांनी हाकलण्याआधी आपणच निघावं म्हणून मी बॅग भरायला घेतली. काकू आल्या तेव्हा गॅलरी एकाच वेळी बोलत होती. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, लोंबकळणाऱ्या दाराकडे बघितलं, मग माझ्या बॅगेकडे.

"उद्या सुतार येईल," म्हणाल्या. "मला मंडळात जायचंय. तू घरी थांब." आणि नारळ घेऊन ओट्याकडे वळल्या.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. महिना संपत आला होता, ते विचारणारच होते. मी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण त्यांचा आवाज ऐकला आणि बांध फुटला. "बाबा, त्यांनी दार फोडलं."

"कोणी? चोरांनी?"

"नाही. शेजाऱ्यांनी."

"का?"

"मी दिवसा कडी लावली होती, आणि त्यांनी हाका मारल्या तर मी ओ दिली नाही. म्हणून."

मला वाटलं, आता तिकिटाचं बोलणार.

"फोडायच्या आधी किती वेळ थांबले ते?" बाबांनी विचारलं.

"पाच-दहा मिनिटं. तेवढीही नसतील."

"मग राहा तिथेच," बाबा म्हणाले.