आर्वीचं पातळ

आमच्या कर्वेनगरच्या बिल्डिंगमध्ये कुणी कुणाच्या घरात डोकावत नाही, तरी सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. आणि जे कुणालाच माहीत नसतं, ते माझ्याकडे मिळतं. म्हणून दत्तप्रसादची गोष्ट मीच सांगितलेली बरी. तीत माझाही थोडा हात आहे, तो दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी.

दत्तप्रसाद वर्ध्याकडचा. दोन हजार चार साली आमच्या समोरच्या वन रूम किचनमध्ये बायकोला घेऊन आला. हिंजवडीच्या कंपनीत इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा त्याला पगार होता. घरी हेच काम भाग्यश्री करायची, बिनपगारी.

वर्षभरात तिला आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई दोन वर्षांपूर्वी आर्वीला वारली. तेव्हा सगळं इथंच. झालं, दत्तप्रसाद टेप घेऊन खोली मोजत सुटला. कॉट, कपाट आणि कॉम्प्युटरचं टेबल यांच्यामध्ये पाळणा काही मावेना.

"काका, कॉम्प्युटर माळ्यावर टाकू का?"

"टाक. बाळाला माळ्यावर टाकण्यापेक्षा बरं."

त्या गुरुवारी आमच्या सौभाग्यवती सुशीलाबाई भाग्यश्रीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या होत्या. इकडे माळा रिकामा करायचं काम चाललेलं आणि नेमकी सरुबाई बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची, डोक्यावर टोपली, हातात गाठोडं. दत्तप्रसादला बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवायला मोठं पातेलं हवं होतं. त्याने चार पँटी, दोन पडदे, लग्नातला कोट काढला. सरुबाईने पुढे केलं ते पातेलं मात्र दोन माणसांच्या चहाचं.

मी गॅलरीतून गप्प बसणार होय? "अहो बाई, बाळ अंघोळ करणार आहे, चूळ भरणार नाही!"

"मंग आजून एक नग टाका."

माळ्यावरच्या पिशवीत तळाला एक सुती पातळ होतं. हिरवं असावं कधीकाळी. दोन ठिकाणी रफू केलेलं. दत्तप्रसाद ते हातात घेऊन घुटमळला.

"अरे, टाक ते! विचार कसला करतोस?" मी म्हणालो.

त्याने टाकलं. मोठं पातेलं घरात आलं. मी स्वतःवर खूश.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्रीने विचारलं, "अहो, माळ्यावरचं आईचं पातळ कुठंय? दुपटी शिवायला घ्यायचंय."

आईचं तेवढंच तिच्याकडे उरलं होतं. नव्या कापडात बाळ गुंडाळत नाहीत, जुनंच लागतं, म्हणून दोन वर्षं जपलेलं.  दत्तप्रसाद म्हणाला काय, तर, "इस्त्रीला दिलंय."

लंगोट-दुपट्यांचं पातळ इस्त्रीला! दिवसभर इतरांच्या चुका शोधणाऱ्याला थाप कशी मारावी हे कंपनीने शिकवलं नव्हतं.  त्या रात्री समोरच्या घरात कुणी जेवलं नाही, आणि आमच्या घरी सुशीलाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मीही अर्धीच पोळी खाल्ली.

रविवारी मी त्याच्या स्कूटरवर मागे बसून जुन्या बाजारात गेलो, बोहारणी गोळा केलेले कपडे तिथेच विकतात. सरुबाई ढिगामागे बसली होती.

"त्ये हिरवं? त्ये न्हाई इकलं," ती म्हणाली. "माझ्या लेकीला आठवा हाय. हल्ली गाठोड्यात समदं नायलॉन. असं मऊ सूत कुठं घावतंय? अर्धं फाडलं लंगोटांना."

दत्तप्रसाद तिथेच कपड्यांवर बसला. हळूहळू सगळं सांगितलं: आर्वी, आई, माळा, इस्त्री. सरुबाईने ऐकलं, पाठीमागच्या पिशवीत हात घातला आणि उरलेलं पातळ त्याच्या मांडीवर ठेवलं. पदराकडची बाजू होती.

"काठ टोचत्यात लेकराला, म्हनून ऱ्हायलं."

"मी पातेलं परत आणून देतो, बाई."

"ऱ्हाऊ द्या. पानी कशात तापवाल?"

घरी भाग्यश्रीने घडी उलगडली. "इस्त्रीवाल्यानं अर्धं ठेवून घेतलं वाटतं."

मग त्याने खरं सांगितलं. माझं नावही घेतलं, मेल्याने. तिने पदर हातात घेतला. एकदा तो तोंडावरून फिरवला. मी निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिने विचारलं,

"तिच्या लेकीला कितवा म्हणाली?"

"आठवाच."

"मग तिला आणखी लागतील." तिने उठून कपाट उघडलं आणि आपले दोन मऊ सुती कुर्ते काढले. "हे तिला देऊन या. आणि काका, यावर भांडं मागायचं नाही."

पदराचं दुपटं सुशीलाबाईंनी शिवलं. सुईत दोरा ओवायची शिक्षा मला झाली. काठ आत दुमडून घेतले, टोचू नयेत म्हणून. मुलगी झाली. बारशाला भाग्यश्रीने सरुबाईला बोलावलं, तर ती महिन्याचा नातू काखेत घेऊनच आली. त्याच्या डोक्याला हिरवं टोपडं. लंगोट बेतून उरलेल्या तुकड्याचं. दोन्ही पोरं एकाच कॉटवर शेजारी झोपवली. भाग्यश्री कितीतरी वेळ एका हाताने टोपडं आणि दुसऱ्या हाताने दुपटं चाचपत बसली.

पाणी त्याच पातेल्यात तापलं. माझं म्हणणं अजूनही तेच आहे, पातेलं मोठंच हवं होतं. पण हे मी हल्ली घरात बोलत नाही.