सुमितच्या माथी आलेली चूक

संगणक सुरू झाला की त्याच्या पोटातला जो गाभा सगळ्यांच्या आधी उठतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो, त्याला कर्नल म्हणतात. जालन्यातल्या दोन खोल्यांत बसून ज्योत्स्ना त्याचं काम करायची. मूळची शहागडची, मास्तरांची लेक. जगभरचे लोक एका मेलिंग लिस्टवर हा गाभा दुरुस्त करतात. तिथं तिच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन बाईंना फार आवडायचं.

घनसावंगीच्या सुमितनं तिथं पहिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, पाठवला तेव्हा तिला कोण आनंद झाला! आपल्याकडचा पोरगा! तिनं खटपट करून त्याचा नंबर मिळवला. "जयभीम ताई," म्हणताना तो खुर्चीवरून उठलाच असावा. तेव्हापासून काही अडलं की तो ताईला फोन करी. लिस्टवर इंग्रजीत विचारायचं म्हणजे चारचौघांत हसं व्हायची भीती. ताईशी मराठीत बोललं की काम फत्ते.

असंच एकदा त्यानं विचारलं, "ताई, एक वस्तू किती जण वापरून राह्यले ते मोजायचा काउंटर हाय. जो सोडतो तो एक कमी करतो, शेवटचा ती मोडून जागा परत देतो. आधीचं लिहिणं पुरं झाल्याबिगर सोडल्याची खबर जाऊ नये म्हणून मधी अडसर ठेवलाय. बराबर ना?"

"कशाला उगा खर्चा? अडसर काढ, साधा काउंटर ठेव, जल्दी चालंल," ज्योत्स्ना म्हणाली. तिचं लक्ष निम्मं दुसऱ्याच कामात होतं. नंतर तिनं आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं, तर बिलकुल तक्रार नाही.

नसणारच. तिच्या लॅपटॉपची चिप शिस्तीची. लहान उपकरणांतली चिप मात्र घाईची, तिथं अडसर नसेल तर मागचं पुढं होतं. खोली सोडली म्हणून आधी कळवावं, ट्रंक मागाहून काढावी, आणि तोवर नवा भाडेकरू आत येऊन बसलेला असावा, तसली गत झाली. मोडलेल्या वस्तूची जागा दुसऱ्याला दिली, आणि जुन्याचं उशिरा आलेलं लिहिणं तिथंच जाऊन पडलं. पॅच तोवर कर्नलमध्ये जाऊन जगभर पोचला होता; ठिकठिकाणची उपकरणं जागच्या जागी बंद पडू लागली.

लिस्टवर गहजब उडाला. अडसर काढला कोणी? ज्याला एवढंही कळत नाही त्यानं इथं हात घालावाच का? पॅच सुमितच्या नावाचा. फोनवरचं मराठी बोलणं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

ज्योत्स्नानं उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. उद्या लिहू, म्हणाली. तेवढ्यात लिस्टवर सुमितचंच पत्र आलं: चूक माझी, मला नीट समजलं नव्हतं. ताईचं त्यात नावसुद्धा नाही. तिला हायसं वाटलं. पुढं तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या हायसं वाटण्याची.

सुमितचे फोन थांबले. शेवटी एका दुपारी तिनं लिस्टवर लिहून टाकलं, की अडसर काढायला मीच सांगितलं होतं. आता आभाळ कोसळणार म्हणून ती पडद्याकडं बघत बसली. उत्तर आलं: "ठीक. दुरुस्ती पाठवा." बस्स. एवढ्याशा गोष्टीला भिऊन तिनं पोराला तोंडघशी पाडलं होतं.

तिनं सुमितला फोन लावला.

"कशाला लिव्हलं ताई? मी घरी सांगून टाकलं, हे काम मला जमत न्हाई. कारखान्यात लागून राह्यलो सोमवारपासून."

"थांब. मी येते."

जीपमध्ये दाटीवाटीनं बसून ती घनसावंगीला पोचली. सुमित दाराशी उभा होता. त्याचे वडील साहेबराव आणि आई गिरिजाबाई यांच्यापुढं तिनं सगळं सांगितलं: पोराचं बरोबर होतं, मीच चुकीचं सांगितलं, आणि लोक त्याला बोलत होते तेव्हा गप्प बसले.

"चुकतं माणूस. बसा, चहा घ्या," साहेबराव म्हणाले.

गिरिजाबाई जागची हलली नाही. "पोरगं धड जेवलं न्हाई इतके दिस. भावकी म्हनली, झेपत न्हाई तिथं गेल्ताच कशाला. तू तवाच का न्हाई बोलली, माय?"

"माझं नाव जाईल म्हणून," ज्योत्स्ना म्हणाली.

गिरिजाबाईनं लेकाकडं पाहिलं.

"आन् ह्याचं?"