पदराआडचे दात

पेडगावच्या पुढल्या एका खेड्यात, विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं वाटायला मी शाळेत शिरलो, तेव्हा परभणीहून आलेल्या एक नर्सबाई पोरांच्या आरोग्याची पाहणी करत होत्या. बोलताना त्या पदर तोंडावर धरायच्या. आमच्या दलित वस्तीतल्या पोरांचा वास येतो की काय बाईला, म्हणून माझं डोकंच तापलं.

"मिश्री लावतीस का गं?" त्या प्रत्येक पोरीला विचारायच्या. छडीवाले गुरुजी शेजारीच उभे. सगळ्या न्हाई म्हणायच्या.

"खोटं बोलायल्यात, बाई. दमात घ्या," मी म्हणालो.

"दमदाटीनं दात पांढरे झाले असते तर माझे कवाच झाले असते, भाऊ." बाईंनी पदर काढला. काळेकुट्ट दात! पोरी खिदळल्या. बाईंनी गुरुजींना चहा आणायला पिटाळलं आणि पुन्हा विचारलं.

एक पोरगी हळूच म्हणाली, "लावते. मग दुपारी भूक लागत न्हाई."

"माझ्या मायनं मला मिश्री लावायला याच्यासाठीच शिकवलं," बाई म्हणाल्या.

त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. पण गुरुजी चहा घेऊन आले, तेव्हा तोंडावर पदर न धरता त्या जे बोलल्या, ते अजून कानात आहे. "चहा राहू द्या, गुरुजी. पोरांना दुपारी खायला आलेली सरकारी सुकडी कुठं हाय, ते दाखवा."