आत्याच्या वहीतला शेरा

माझी आत्या चोवीस वर्षं एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. घरचे म्हणायचे, "बाटल्या धुते." ती हसून कामाला लागायची. संताप मला यायचा, कारण डीएनए म्हणजे काय ते मला शाळेच्या आधी तिनंच समजावलं होतं.

"डोळ्याला न दिसणाऱ्या पेशीत दोन मीटर धागा असतो," ती सांगायची. "नुसता कोंबलेला नाही. प्रथिनं त्याला धरून घड्या घालतात. बॅग भरल्यासारखंच. वरचं पटकन हाताला लागतं, तळाचं असून नसल्यासारखं. कुठली घडी कुठे, त्यावर पेशी काय वाचणार ते ठरतं."

तिचं काम जेल चालवायचं. जेलीच्या थरात वरच्या खाचांमध्ये डीएनए भरायचा आणि वीज सोडायची, म्हणजे तो खाली सरकतो. एकदा एक प्रथिन मिसळल्यावर तो खाचेतून हललाच नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी नाक मुरडलं. आत्यानं त्याच मिश्रणात मीठ वाढवून पुन्हा जेल चालवलं, तशी प्रथिनाची पकड सुटली आणि तोच डीएनए सुरळीत खाली गेला.

"सर, धागा चांगला आहे. हे प्रथिनच त्याला गोळा करून बांधतंय."

"ताई, तुम्ही जेल चालवा. डोकं चालवायला आम्ही आहोत. वहीत लिहा, नमुना खराब."

तिनं लिहिलं. पण स्वस्थ बसेल तर ती आत्या कसली! जेवणाची सुट्टी मोडून तिनं तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. सरांनी दर वेळी तोच शेरा लिहायला लावला.

नऊ वर्षांनी सरांचा शोधनिबंध छापायला निघाला. तेच प्रथिन, तेच मीठ. वर सात नावं होती, आत्याचं आभारातसुद्धा नव्हतं. तिच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. तिला फक्त तिथे आपलं नाव हवं होतं, घरी दाखवायला. ती जुनी वही घेऊन सरांकडे गेली.

सरांनी सावकाश पानं उलटली. "ताई, अक्षर तुमचंच ना?"

"हो सर."

"मग अकरा वेळा काय लिहिलंय, वाचा बरं."

निबंध सात नावांनिशी छापून आला. मी भांडायला निघाले, तर आत्यानं मला हाताला धरून बसवलं.

"चोवीस वर्षांत त्या वहीत मी एवढंच खोटं लिहिलं," ती म्हणाली. "आणि तेवढंच माझ्या नावावर राहिलं."