कच्च्या व्हिस्कीपुढे जोडलेले माझे हात

पहिला दिवस: मृगाच्या आधीचा सोमवार, ज्या दिवशी तरुणपणी दोडामार्गहून एस.टी.त बसून मी घर सोडले. जबाबदार: मी स्वतः. दुसरा: गेल्या दसऱ्यानंतरचा शनिवार, ज्या दिवशी तीन वर्षांच्या एका सिंगल माल्ट व्हिस्कीची पारख करण्यासाठी मला अंधेरीत बोलावण्यात आले. जबाबदार: माझा पुतण्या मंगेश, त्या कंपनीचा विक्री अधिकारी. तिसरा: यंदाच्या जत्रेचा दिवस. त्याला जबाबदार कोण, हे ठरावे म्हणून गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या मुंबईत आलेल्यांना हे लिहीत आहे.

वडील काजूच्या बोंडांची दारू गाळीत. भट्टीवरची पहिली धार हुंगून ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे ते सांगत. मला निरोप देताना एवढेच म्हणाले, "खोटा सांगू नको रे, लोक तां पोटात घेतत." मी मद्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागलो. वडील ज्याला वास घेणे म्हणत, त्याला तेथे सेन्सरी इव्हॅल्युएशन म्हणत आणि त्याचा फॉर्म भरावा लागे. जोगेश्वरीच्या खोलीतून बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये आलो, जेवायला टेबल आले, निवृत्तही झालो, पण एक सवय सुटली नाही. ग्लास ओठांना लावण्याआधी बोट बुडवून चार थेंब राखणदाराच्या नावाने शिंपडायचे आणि हात जोडायचे. गावच्या सीमेचे रक्षण करणाऱ्या त्या देवाचा हा मान आपल्याकडे कोणी चुकवीत नाही.

अंधेरीतही तेच केले. त्यानंतर व्हिस्की हुंगली, जिभेवर फिरवली, थेंबभर पाणी घालून पुन्हा हुंगली. नाकाला आधी कच्चे पीठ, मग हिरव्या केळ्याची साल, त्यामागे नव्या फळीचा उग्र दर्प. घशाशी मधासारखे काही उमटते न उमटते तोच चव तुटली. मी लेखी अभिप्राय दिला: जातिवंत आहे, परंतु अपक्व, आणखी काही वर्षे पिंपात राहू द्यावी, बाटलीत भरू नये. खाली सही केली.

कंपनीने बाटली बाजारात आणली आणि जाहिरातीत अंधेरीत त्या दिवशी टिपलेला माझा फोटो छापला. ग्लासापुढे हात जोडून, डोळे मिटलेला मी. खाली मजकूर: जुन्या जाणकाराचा नमस्कार.

जत्रेच्या संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. आवाजात कौतुक होते. "दादा, तुझो फोटो बघान बाटली हाडली." जत्रेसाठी आणलेली तीच बाटली आधी राखणदाराला मान म्हणून दाखवली, मग सगळ्यांनी घोट घोट घेतला. कोणाला काही अपाय झाला नाही. कोणी तक्रारही केली नाही. चव कशी होती, असे मी विचारले. दादाने पसंत केली म्हणजे चांगलीच असणार, असे तो म्हणाला.

मी मंगेशला बोलावून जाब विचारला. तो हसला. "काका, नमस्कार तुम्हीच केलात ना? आणि खरं सांगू, ह्या वयात नाक दगा देतं हो." पुढे मी कंपनीला नोटीस पाठवली, तिला उत्तर आले: वयोमान पाहता सदर अभिप्राय ग्राह्य धरता येत नाही. माझा प्रश्न साधा आहे. माझे नाक अग्राह्य असेल, तर माझे हात ग्राह्य कसे?

ही चीड खरी आहे. तिच्याखालची भीतीही लपवीत नाही. कंपनीचे पत्र आले त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात दूध करपले. मी दोन पावलांवर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो आणि मला वास आला नाही. तेव्हापासून पत्नी रोज सकाळी माझे डोळे बांधून हिंग, ओवा, जायफळ नाकाशी धरते. बहुधा मी ओळखतो. काल ओव्याला जिरे म्हणालो. तिने डबा बंद करून ठेवला. त्या शनिवारी मी व्हिस्कीचा कच्चेपणा हुंगला, की माझ्याच नाकाचा उतार, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही.

घर म्हणजे पूर्वी मला बोंडांचा वास वाटे. आता घर म्हणजे माझ्या शब्दाची शहानिशा न करणारी माणसे, आणि म्हणूनच मला सर्वाधिक भय त्यांचे वाटते.

मंगेश, तुझ्या संचालकांना सांग. मला बंद पाकिटातले उत्तर नको. आपल्या ग्रामस्थ मंडळाच्या येत्या सभेत या. सहा ग्लास ठेवा, पाचांत मुरलेल्या व्हिस्की, एकात तुमची, आणि माझे डोळे बांधा. मी चुकलो, तर तेथेच त्या फोटोखाली सही करीन. नाही चुकलो, तर माझा अभिप्राय संचालकांनी उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल असा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. येणार की नाही, ते जाहीर करा.