न लिहिलेलं गिधाड

मला पक्ष्यांचं वेड नाही, हे आधीच सांगून टाकते. वेड आमच्या ह्यांना. चव्वेचाळीस वर्षं अमेरिकेत, ट्रॉयमध्ये राहून मला पक्षी ओळखता येतात ते दोन, कार्डिनल आणि ब्लू जे, तेही एक लाल आणि दुसरा निळा म्हणून. बाकी सगळ्या चिमण्या.

ह्यांची एक वही आहे, काळ्या पुठ्ठ्याची, जाडजूड. मी तिला सवत म्हणते. आमच्या लग्नाच्याही आधीपासून ती आहे, त्यामुळे खरं तर सवत मीच. त्यात पाहिलेला प्रत्येक पक्षी तारीख आणि जागेसकट लिहिलेला. नियम एकच, दिसला तर लिहायचा. नुसता आवाज ऐकला, पीस सापडलं, मित्राने शपथेवर सांगितलं, यातलं काही चालत नाही. एका वर्षी मागच्या अंगणात आठवडाभर घुबड घुमत होतं. ह्यांनी भरात लिहून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी ठेवून सरळ रेघेने खोडलं. मी म्हटलं, "अहो, घुबड नाही तर मग मी घुमत होते का?" तर म्हणाले, "दिसलं नाही ना." पुण्याचे आहेत. चूक कबूल करणं त्यांच्या जिवावर येतं, पण खोटं बोलणं त्याहून जास्त. आम्ही नागपूरचे, वेळ मारून न्यायला दोन गोड शब्द खोटे बोलण्यात आम्हाला पाप वाटत नाही. यावरून आमची आयुष्यभर भांडणं झाली.

त्या वहीत एक पक्षी नव्हता. दाढीवालं गिधाड. कॉलेजात असताना हे मित्रांबरोबर हिमालयात ट्रेकला गेले होते. एका कॅम्पवर ताप भरून तंबूत पडले, आणि नेमकं तेव्हाच ते गिधाड बाहेरून इतकं खालून गेलं, की मित्रांना चोचीखालची दाढीसुद्धा दिसली म्हणे. ह्यांना दिसलं ते तंबूचं कापड. आता ते मित्र सत्तरीच्या पुढे गेलेत, तरी फोनवर अजून डिवचतात. हे हसतात. पण ते हसणं मला माहीत आहे.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी हे मला म्हणाले, "खिडकीच्या ब्लाइंड्सच्या पट्ट्या वाकल्यात, बदलायला हव्यात." इंजिनिअर माणूस, तीस वर्षं गाड्यांच्या वायपरवर काम केलेलं, दोष आधी वस्तूतच शोधणार. ब्लाइंड्स सरळ होत्या. डोळ्यांचा पडदा मधोमध खराब होत होता. मग दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. आमच्या मुलीच्या वयाची डॉक्टर, तिने एक दिवस शांतपणे सांगितलं की डावा गेला, उजवाही जाणार, कधी ते सांगता येत नाही. या आजारात मधलं जातं आणि कडेचं राहतं. हे मला म्हणाले, "तुझ्याकडे पाहिलं की तोंड जातं आणि कान राहतात." मी म्हटलं, "बरंच आहे, तोंडाचाच त्रास होता तुम्हाला." दोघंही हसलो. मग मी बेसमेंटमध्ये जाऊन कपडे वाळवायच्या मशीनपाशी उभी राहून रडले.

गाडीची किल्ली त्यांनी आपणहून माझ्या हातात दिली. इथे किल्ली दिली म्हणजे पायच काढून दिले.

मुलगी ओहायोत डब्लिनला असते. तिला मराठी कळतं सगळं, पण बोलते इंग्लिशमध्ये. ती गाडी चालवत आली आणि टेबलावर स्पेनच्या पक्षीनिरीक्षण टूरचे कागद ठेवले. दहा दिवस, गाइडबरोबर. आधी समुद्रकाठच्या पाणथळ जागा, मग पिरेनीजचे डोंगर. त्या डोंगरांत ते गिधाड आहे. "बाबा, यू आर गोइंग टु सी युअर बर्ड," ती म्हणाली. ह्यांनी कागदांवरून हात फिरवला आणि मग तिला नाही, मला विचारलं, "दिसेल का गं?"

"न दिसायला काय झालं," मी म्हटलं.

नुसतं म्हणून मी थांबले नाही, हेही सांगते. आम्ही तयारी केली. समोरचं दृश्य म्हणजे घड्याळाची तबकडी, पक्षी जिथे असेल तो आकडा मी सांगायचा, आणि ह्यांनी नजर त्याच्या जराशी बाजूला न्यायची, म्हणजे कडेने तो पकडता येईल. ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये दिव्यांच्या खांबांवर सीगल बसतात, त्यांच्यावर आम्ही दोन महिने सराव केला. "अकरा वाजता." "नाही." "अहो, अकराच्या जरा खाली." "हां, आहे." येणारेजाणारे बघायचे. म्हातारा-म्हातारी दुर्बीण लावून खांबाला वेळ विचारतायत. बघेनात का.

स्पेनमध्ये आमचा आठ जणांचा ग्रुप होता. बाकीचे सहा जण अमेरिकन, रिटायर्ड, सगळ्यांच्या अंगावर शंभर खिशांचे मातकट कपडे. मी जांभळं जॅकेट घालून गेले. गाइडने जॅकेटकडे एकदा पाहिलं आणि सभ्यपणे गप्प बसला. पन्नाशीचा, कमी बोलणारा स्पॅनिश माणूस. त्याने आम्हाला नदीच्या मुखाशी नेलं, तर तिथे मैलोगणती भातशेती. पाण्याने भरलेल्या बांध्या, मधून मातीचे बांध. मला वाटलं भंडाऱ्यालाच आले. बांधावर हुदहुद्या, पाण्यात लाल पायांचे शेकाटे, लांबवर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. अर्धं जग ओलांडून यायचं आणि आपल्याकडचेच पक्षी बघायचे, याला काय म्हणावं.

गाइड तीन पायांच्या तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण पक्ष्यावर लावायचा आणि एकेकाने डोळा लावून बघायचं. ह्यांची पाळी आली की वेळ लागायचा. मान इकडे करायचे, तिकडे करायचे, मागे सहा माणसं आकाशाकडे बघत उभी. मग हे बाजूला व्हायचे आणि फक्त "थँक यू" म्हणायचे.

आणि संध्याकाळी हजेरी. या लोकांची पद्धत असते, जेवणाआधी सगळे टेबलाशी बसतात, गाइड दिवसभराच्या पक्ष्यांची नावं एकेक करून वाचतो, ज्याला जे दिसलं त्याने 'यस' म्हणायचं, तो खूण करतो. पहिल्या संध्याकाळी चाळीसेक नावं होती. ह्यांचं 'नो', 'नो', 'नो'. रोहितांचं नाव आलं तेव्हा गाइडने आशेने वर पाहिलं. शेकडो होते, गुलाबी, कोणाला दिसणार नाहीत? हे म्हणाले, "अ पिंक लाइन. नॉट बर्ड्स. नो." कोणीतरी हसलं. प्रत्येक नावाला पेन्सिल ह्यांच्यासाठी थांबायची. शेजारच्या अ‍ॅरिझोनाच्या बाईने माझ्या हातावर थोपटलं. मला कोणी केलेली दया सोसत नाही. मारा एक वेळ, पण थोपटू नका.

मधे एक दिवस चांगला गेला. एका गावात चर्चच्या टोकावर पांढरा करकोचा घरट्यात उभा होता. मी म्हटलं, "बारा वाजता, अगदी वर." ह्यांनी नजर दीडवर नेली आणि माझा दंड घट्ट धरला. "पाय हलवतोय," म्हणाले. त्या संध्याकाळी एक 'यस' आलं. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी इतका जल्लोष केला, की ह्यांना खाली बघावं लागलं. आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा 'नो', 'नो', 'नो'.

खोलीत गेल्यावर माझा तोल गेला. हे बुटांच्या नाड्या सोडत होते. मी म्हटलं, "अहो, काय बिघडतं 'यस' म्हणायला? बोर्डाची परीक्षा आहे का ही? तुमच्या सत्यवचनापायी आठ जणांचं सूप गार होतं. ती माणसं किती अवघडतात, मला तिथे मेल्याहून मेल्यासारखं होतं. हो म्हणा आणि मोकळे व्हा."

हे थोडा वेळ नाडीच चाचपत राहिले. मग म्हणाले, "बरं."

आयुष्यात पहिल्यांदा मी वाद जिंकले होते. मला बरंही वाटलं, काय सांगू.

डोंगरात पहिले दोन दिवस ढग. तिसऱ्या दिवशी सकाळी गाइडने आम्हाला एका खिंडीत उभं केलं. डावीकडे खडकाची भिंत, समोर दरी, कान कापणारा वारा. मी घरून आणलेला चिवडा फिरवला. गाइड शेंगदाणे वेचून खात होता आणि दुर्बिणीतून दरी बघत होता. एकदम त्याने हात वर केला आणि हळूच नाव घेतलं.

ते दरीतून वर आलं. पंख हलवतच नव्हतं. आमच्या उंचीला आलं, मग डोक्यावरून गेलं. छाती तांबूस, भाजलेल्या मातीच्या रंगाची. चोचीखाली खरंच दाढी. डोळ्याभोवती लाल कडं, आणि त्या डोळ्याने त्याने खाली आमच्याकडे पाहिलं. मला पक्ष्यांचं वेड नाही म्हटलं ना? मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. सगळं विसरले. आकडा सांगायचा, हेच विसरले.

भान आलं तेव्हा "दोन वाजता... नाही, तीन" असं काहीतरी बोलले. तोवर ते कड्यामागे गेलेलं. मी वळून पाहिलं तर हे दुर्बीण डोळ्यांना लावून डावीकडच्या भिंतीकडे बघत उभे होते. अगदी स्थिर.

"गेलं?" ह्यांनी हळू विचारलं.

"हो."

तेवढ्यात गाइड आला. "सर, डिड यू गेट इट?" सगळे वळले. सहाही चेहरे आमच्याकडे. हे माझ्या दिशेने वळले, माझ्या कानाकडे बघितलं आणि म्हणाले, "यस. ब्यूटिफुल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अ‍ॅरिझोनाच्या बाईला रडू आलं. गाइडने मात्र माझ्याकडे पाहिलं. दुर्बीण कुठे रोखलेली होती ते त्यालाही दिसलं होतं. त्या संध्याकाळी त्या नावाला त्याची पेन्सिल ह्यांच्यासाठी थांबली नाही, आणि ह्यांचं 'यस' सगळ्यांच्या आधी, मोठ्याने आलं. मी सूप पीत राहिले. मी स्वतःला सांगितलं, कडेने काहीतरी दिसलंही असेल. सोयीचं होतं, म्हणून मी ते मानलं.

घरी आल्यावर मुलीचा फोन. "बाबा, यू सॉ इट!" हे म्हणाले, "आईला विचार, किती सुंदर होतं." आणि फोन माझ्याकडे दिला. मी तिला सगळं सांगितलं. रंग, दाढी, डोळा. हे शेजारीच बसून ऐकत होते.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला उजवा डोळाही गेला. डॉक्टरने इंजेक्शनं थांबवली, आता उपयोग नाही म्हणाली. आता हे पॅटिओच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. बाहेर दाणे घातलेल्या फीडरवर पक्षी येतात, ते मीच बघते. कोणता आला विचारलं तर सांगते, लाल किंवा चिमणी. यापुढे काही बरं होणार आहे, असं मला वाटत नाही, आणि तसं वाटून घ्यायचा मी प्रयत्नही सोडलाय.

दुपारचा चहा झाला की मी त्यांना वहीतलं एक पान वाचून दाखवते. त्यांना सगळं पाठ आहे, माझ्याबरोबर ओठ हलतात. गेल्या आठवड्यात शेवटची पानं आली, स्पेनची. मी ती कधी उघडली नव्हती. जाड काळ्या मार्करने लिहिलेली अक्षरं, एकमेकांवर चढलेली. हुदहुद्या लिहून खोडलेला, पट्टीने मारलेली रेघही तिरकी गेलेली, समोर 'फक्त आवाज'. मग 'पांढरा करकोचा, चर्चच्या टोकावर. हिच्यामुळे.' ते मी दोनदा वाचलं.

त्याखाली खिंडीचा दिवस. 'वारा जोरात. चिवडा संपला.' बस. पुढे कोरं.

मी त्याच सुरात वाचत गेले, "दाढीवालं गिधाड. एक. अगदी जवळून."

कप ओठांपाशी थांबला.

"ते मी लिहिलेलं नाही," हे म्हणाले.

"तुम्ही सगळ्यांसमोर हो म्हणाला होतात."

"तू म्हणाली होतीस, म्हणून."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. मला माझी लाज वाटली. पन्नास वर्षं त्यांनी एकही खोटं त्या वहीत येऊ दिलं नव्हतं, आणि जे एक बोलले ते माझ्या सुपापायी. आणि ज्या क्षणासाठी आम्ही दोन महिने पार्किंगमध्ये उभे राहिलो, तो मी एकटीने बघितला.

ह्यांनी कप चाचपत बशीत ठेवला.

"तुला नीट दिसलं ना?"

"हो."

"मग पुढचं वाच."

पुढची सगळी पानं कोरी आहेत, हे त्यांना माहीत होतं. मी पान उलटलं.