दिघेबाईंचं एक्स्चेंज

दिघेबाई फोनवरच्या माणसाला आधी शिस्त लावत आणि मगच लाइन देत. "नुसतं 'हॅलो हॅलो' काय करता? कोण, कुठून, कोणाकडे, एवढं सांगा," असं त्या मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यालाही सुनवायच्या. बडोद्याबाहेरच्या आमच्या औषधांच्या कारखान्यात त्या ऑपरेटर होत्या. पाणीगेटहून कंपनीच्या बसने यायच्या आणि फाटकाशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसल्या, की संध्याकाळीच बाहेर पडायच्या.

जेवणानंतर आमचे साहेब टेबलावर डोकं टेकून झोपत. तेव्हा त्यांच्या बायकोला बाई सांगायच्या, "राउंडवर आहेत." हेड ऑफिसला, "मीटिंगमध्ये आहेत." आणि विमा एजंटला, "बाहेरगावी गेलेत." मी एकदा विचारलं, "बाई, पाप नाही लागत?"

"लागतं ना. पण ते साहेबांना. मी फक्त लाइन जोडते."

मी डिस्पॅचमध्ये कारकून होतो. मला बडोद्यातल्याच अकोटा भागातलं स्थळ सांगून आलं, तेव्हा मुलीच्या वडिलांनी गुपचूप चौकशीसाठी कारखान्यात फोन केला. तो अर्थात बाईंनीच घेतला. त्या गृहस्थांनी सवयीने गुजरातीत सुरुवात केली. बाईंनी आडनाव विचारून त्यांना मराठीत आणलं. मग वीस मिनिटं सगळ्या कारखान्याचे फोन खोळंबले.

"मुलगा सरळ आहे," बाईंनी सांगितलं, "पण हॅलो म्हणायला इतका वेळ लावतो, की समोरचा फोन ठेवून देतो. तुमची मुलगी बोलकी आहे ना? मग झालं तर."

"सिगारेट वगैरे?"

"ओढतो. दिवसाला एक. तीही दुसऱ्याची."

हे सगळं सासऱ्यांनी मला लग्नाच्या पंगतीत, चारचौघांसमोर ऐकवलं. मी मान खाली घालून जिलबी संपवली.

नव्वदीनंतर कारखान्यात एकेक नवी गोष्ट येऊ लागली. त्यातच आपोआप फोन जोडणारं एक्स्चेंज आलं. प्रत्येक टेबलाला स्वतःचा नंबर मिळाला आणि बाईंना स्वेच्छानिवृत्तीचं पत्र. बाईंना ठेवून घ्यावं म्हणून आम्ही दहा-बारा जणांनी अर्ज करायचं ठरवलं. बाईंनी आमचा कागद वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवल्या आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. "उगाच तुमच्या नोकऱ्या नका घालवू," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मला एकदा सगळा कारखाना फिरव. आवाज ओळखीचे आहेत रे, तोंडं नाहीत."

शेवटच्या दिवशी मी त्यांना घेऊन निघालो. त्या प्रत्येकाला "हॅलो म्हणा" सांगायच्या आणि लगेच नाव ओळखायच्या. पॅकिंगमधल्या हसमुखभाईंचा आवाज ढोलासारखा. माणूस जेमतेम पाच फूट. बाई बघतच राहिल्या. "हसमुखभाई, तमे? मी तर कोणी पहिलवान समजत होते!"

हसमुखभाईंनीही चांगल्या जाडजूड बाईंना नीट न्याहाळलं. "बेन, हुं पण तमने पातळां समजतो हतो!"

सगळ्यांत मोठ्याने बाईच हसल्या.

शेवटी आम्ही बॉयलरपाशी पोचलो. तिथे भट्टी पेटती ठेवणारा ईश्वरभाई नावाचा वयस्क फायरमन होता. त्याने हॅलो म्हटलं आणि बाई पहिल्यांदाच अडल्या. "तुमचा आवाज मी ऐकलाच नाही कधी."

"मने कोण फोन करे, बेन?" तो सहज म्हणाला. त्याच्या घरी कोणी नव्हतं.

बाईंनी पर्समधून आमचा अर्ज काढला आणि त्याच्या मागे बॉयलरजवळच्या भिंतीवरल्या नव्या फोनचा नंबर टिपून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका कागदावर सही घ्यायला मी बॉयलरपाशी गेलो होतो. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. मी उचलला.

"तू तिथे काय करतोयस?" पलीकडे बाई होत्या. "ईश्वरभाईंना दे."

मी रिसीव्हर पुढे केला. "मारो फोन?" खरंच आपलाच ना, म्हणून त्याने दोनदा विचारलं. पँटला हात पुसले, पुन्हा पुसले. रिसीव्हर आधी उलटा धरला, मग सुलटा केला, थोडा वेळ ऐकलं आणि बॉयलरच्याही वर आवाज चढवून सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा ओरडला,

"हा बेन, मजामां! तमे केम छो?"